फट् असा आवाज

आमच्या लेकीने विज्ञानाच्या तासाला जे दिसलं ते सांगितलं, म्हणून मला शाळेत बोलावण्यात आलं.

प्रयोग नेहमीचाच होता. परीक्षानळीत जस्ताचा तुकडा, त्यावर विरल आम्ल. बुडबुडे येतात, आणि पेटती काडी नळीच्या तोंडाशी नेली की हायड्रोजन 'फट्' असा आवाज करून जळतो. पुस्तकात तसं छापलेलंच आहे. सगळ्या वर्गाला बुडबुडे दिसले. आमच्या कन्येने मात्र हात वर करून विचारलं, "सर, जस्ताला तर काहीच झालं नाही. आणि तो फट् आवाज काकांनी तोंडाने का काढला?"

काका म्हणजे प्रयोगशाळेतले शिपाई. त्यांचा काही दोष नव्हता. मुलांच्या सुरक्षिततेसाठी वरून आदेश आला होता की आम्लाची तीव्रता दरवर्षी निम्मी करावी, साठा मात्र कमी दिसता कामा नये. काका इमानेइतबारे दरवर्षी अर्धी बाटली ओतून देत आणि नळाखाली धरून पुन्हा गळ्यापर्यंत भरत. आता त्या आम्लात माशी पडली तर अंघोळ करून उडून जाई. अभ्यासक्रमातला आवाज काही कुणी निम्मा केला नव्हता. जस्त तो काढीना, तेव्हा ते काम 'वरिष्ठ सांगतील ती इतर कामे' या कलमाखाली काकांकडे आलं.

"घरी काही ताणतणाव?" मुख्याध्यापिका बाईंनी मायेने विचारलं.

"नाही."

"मग डोळे तपासून घ्या तिचे."

डोळे तपासले. उत्तम निघाले. तसा दाखला नेऊन दिला, तर बाईंचा चेहरा पडला. "डोळे चांगले असूनही बुडबुडे दिसत नाहीत? मग हे दुखणं आतलं आहे हो."

विज्ञानाचे सर मदतीला धावले. भिंतीवरच्या तक्त्यावर त्यांनी पट्टी टेकवली. "हे बघा ताई, ही धातूंची क्रियाशीलता. वर हा सोडिअम. जरा पाणी लागलं की पेटला, म्हणून त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. आणि हे तळाला सोनं. पाणी घाला, आम्ल ओता, ढिम्म! म्हणून तर त्याला किंमत."

"मग हिला कशात बुडवून ठेवू?"

"तुम्हीच समजवा," बाई म्हणाल्या. "तपासनीस यायचेत. त्यांच्यापुढे ही असं काही बोलली, तर प्रयोग नापास. प्रयोग नापास, तर अख्खा वर्ग नापास. आणि कुणामुळे, ते तिच्या दाखल्यावर आम्हाला लिहावं लागेल."

घरी वेणी घालता घालता मी विषय काढला. "राणी, त्या दिवशी गप्प बसशील ना?"

"विचारलं नाही तर बसेन. विचारलं तर सांगणार. तूच म्हणतेस ना, खोटं बोललीस तर याद राख?"

आपलेच दात, आपलेच ओठ. मी वेणी जरा जास्तच घट्ट आवळली.

तपासणीला एक पालक साक्षीदार लागतो. बाईंनी विचारपूर्वक मलाच बसवलं. सगळी तयारी चोख होती. जस्त घासून लख्ख, बाटली काठोकाठ. फक्त काकांची दाढ सुजली होती. डोक्यापासून हनुवटीपर्यंत फडकं बांधून ते कोपऱ्यात उभे होते. तोंड उघडायची सोय नव्हती.

सरांनी काडी पेटवून नळीशी नेली. शांतता.

"आवाज?" तपासनीसांनी पेन उघडलं.

"येतोय, साहेब."

काडी जळत सरांच्या बोटांपर्यंत आली. सरांनी काकांकडे पाहिलं, काकांनी छताकडे. तपासनीस पहिल्या बाकाकडे वळले. "काय गं मुली, काय झालं सांग बघू?"

लेक उठली. बोलण्याआधी तिने माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकातून आत जाताना पाहिलं होतं, अगदी तसंच. आई आहे ना तिथे, एवढंच बघायचं होतं तिला.

तिचे ओठ हलले आणि मी आवाज काढला.

"फट्."

"छान!" तपासनीस लिहू लागले. "हायड्रोजन शुद्ध दिसतोय."

लेक खाली बसली. बाहेर पडताना काका फडक्यातून पुटपुटले, "पहिल्या खेपेच्या मानाने बरा होता, ताई. ओठ जरा आणखी आवळायचे."

वर्ग पास झाला. लेकीला प्रयोगात पैकीच्या पैकी मिळाले. तेव्हापासून ती फार गुणी झाली आहे. काही विचारत नाही, कुणाला टोकत नाही. बाई बोलावून कौतुक करतात. शेजारणी म्हणतात, "पोर कशी सोन्यासारखी आहे हो तुमची!" मी हसते. सोन्याचं काय असतं ते मला तक्त्यावर दाखवलेलं आहे.

काल मी भाजीत मीठ घालायला विसरले. लेकीला विचारलं, "कशी झालीय?"

"छान," ती म्हणाली. आणि पानातलं सगळं निमूट संपवलं.

आता ही गोष्ट तुमच्या पानात वाढली आहे. कशी झालीय ते सांगा. पण आधी आपल्या घरातल्या सोन्याकडे एकदा नीट बघून घ्या, आणि मग म्हणा, छान.