अकराव्या वाढदिवसाचं लग्न

"लग्नातला एक फोटो दे गं निशा," खाली राहणाऱ्या घरमालकीण नजीराभाभी दारातूनच म्हणाल्या. "मोठा करून, फ्रेम घालून आणतो संध्याकाळी. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला नुसता केक काय कापायचा?"

निशानं हसून मान हलवली, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. आत प्रसेनजीत चहात खारी बुडवत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. खारी विरघळून कपात बसली तरी त्याचा हात तसाच राहिला.

फोटो नव्हता, कारण लग्नच नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी राजारामपुरीत खोली शोधताना घरमालक मीरासाबचाचांनी "नवराबायकोलाच देणार" असं सांगितलं, आणि प्रसेनजीतनं "मागच्याच आठवड्यात झालं की लगीन" असं ठोकून दिलं. तारीखही त्यानंच सांगितली. ही थाप गावाकडं पोचणारच, म्हणून दोघांनी आपापल्या घरी "लग्न केलंय" एवढंच कळवून टाकलं. शाहूवाडीत त्याच्या वडलांना, यल्लाप्पांना, वाटलं की पोरीच्या माणसांनी कबनूरात उरकून घेतलं. कबनूरात निशाच्या आईला, पारूबाईंना, वाटलं की शाहूवाडीत झालं. आपल्याला बोलावलं नाही म्हणून दोन्ही घरं रुसली आणि एकमेकांशी बोलेनाशी झाली. रुसलेली माणसं तपशील विचारत नाहीत, हे या दोघांच्या पथ्यावरच पडलं. खरं लग्न पुढच्या उन्हाळ्यात करायचं होतं. मग निशाचं बी. एड. आलं, मग त्याची बदली होता होता राहिली, मग कोरोना. उन्हाळे काय, येत राहिले.

"स्टुडिओत जाऊन काढूया," प्रसेनजीत म्हणाला. "हार घालून उभारायचं. कुणाला कळतंय?"

"खोट्या फोटोला जेवढं लागतंय तेवढ्यात खरं लगीन होतंय," निशा म्हणाली. "पांढरी साडी आणि दोन हार. विहारात जायचं. आजच."

"आज?"

"भाभी पोटच्या पोरीगत बघत्यात मला. दरवर्षी त्यांचा केक घशात अडकतोय माझ्या. यंदाचा मला खरा खायचाय."

तिनं कपाट उघडून पांढरी साडी शोधायलाही घेतली. अशा हट्टापुढं प्रसेनजीतचं काही चालत नसे, आणि त्या दिवशी त्याला चालवायचंही नव्हतं.

फक्त फोटो अकरा वर्षांपूर्वीचा वाटायला हवा होता. तेव्हा प्रसेनजीतला मिशी नव्हती आणि केस काळे होते. त्यानं मिशी काढली, कलप लावला, पांढरा सदरा चढवला. निशा मैत्रिणीकडं साडी नेसायला गेली, ती तिथूनच विहारात येणार होती; आणि हा गेला हार आणायला बाजारात. हार घेऊन वळतो तो समोर वर्षाराणी. त्यांच्याच इमारतीत खाली तिचं ब्यूटी पार्लर होतं, आणि पार्लरला वर्तमानपत्राची गरज पडत नसे.

"भावजी, मिशी कुठं गेली?" तिनं विचारलं. मग हार पाहिले. "आणि वहिनी?"

"ती... कबनूरला गेलीय," प्रसेनजीत म्हणाला आणि मिळेल त्या रिक्षात बसला.

वर्षाराणीनं मोपेड त्याच्यामागं लावली. विहाराचं दार पाहून तिथूनच तिनं नजीराभाभींना फोन केला. "कलप लावलाय, मिशी काढलीय, हातात दोन हार हाईत. वहिनी गावाला. आता मी काय समजायचं?"

नजीराभाभी शहाण्या बाई. त्यांनी उगाच गवगवा केला नाही. आधी खात्री करावी म्हणून पारूबाईंना फोन लावला. निशा कबनूरला आलेलीच नाही, हे पारूबाईंकडून कळल्यावर मात्र त्यांनी मीरासाबचाचांना हाक मारली. पोरीचा पत्ता नाही आणि नवरा बोहल्यावर. त्यांनी यल्लाप्पांना फोन केला, आणि कबनूरहून एक व शाहूवाडीहून एक अशा दोन जीपगाड्या कोल्हापूरच्या दिशेनं निघाल्या.

त्या वेळेवर पोचल्या याला कारण केरबा गुरुजी. लग्न लावणारे हे बौद्धाचार्य सकाळी एका नामकरणाला गेले होते, ते दुपार करून आले.

"साक्षीदार कुठं हाईत?" त्यांनी विचारलं.

"येतील," प्रसेनजीत म्हणाला. आपण किती खरं बोलतोय हे त्याला माहीत नव्हतं.

त्रिशरण झालं. गुरुजी एकेक शील सांगू लागले, दोघं मागून म्हणू लागली. चौथ्या शीलाला गुरुजी म्हणाले, "मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही." निशानं ते डोळे मिटून, स्वच्छ म्हटलं. प्रसेनजीतच्या घशातून मात्र नुसतं खरखरलं.

"थांबवा हे," दारातून नजीराभाभींचा आवाज आला. मागं मीरासाबचाचा, वर्षाराणी आणि दोन जीपगाड्यांतली माणसं. "पयल्या बायकूचं काय केलंस ते सांग आदी. कुठाय आमची निशा?"

पांढऱ्या साडीतल्या नवरीनं मान वळवली.

"वहिनीच हाय की," वर्षाराणी म्हणाली. तिच्या आवाजात सुटका कमी आणि निराशा जास्त होती.

"आपल्याच नवऱ्याशी परत लगीन?" भाभींना कळेना.

"म्हंजे काय झालं भाभी, वाढदिवसानिमित्त आमी..." प्रसेनजीतनं सुरुवात केली.

"न्हाय भाभी," निशा म्हणाली. चौथं शील अजून तिच्या ओठांवर ताजं होतं. "हे पयलंच हाय."

मग यल्लाप्पा पारूबाईंकडं वळले. "ईनबाई, तुमच्यात झालंतं न्हवं?"

"आमच्यात कुठलं? तुमी आमाला न बोलीवता तुमच्यात केलं म्हणून तर मी तुमच्या उंबऱ्याला आलो न्हाय."

"आमी बी त्याच रागानं."

विहीण-व्याही दोघंही खाली बसले. अकरा वर्षं जपून ठेवलेला राग असा पायाखालून गेल्यावर माणसाला बसावंच लागतं. पारूबाई पदरात तोंड घालून रडल्या. निशा त्यांच्याजवळ जाऊन बसली, तर दुसऱ्या बाजूला नजीराभाभी. त्याही रडत होत्या.

"लगीन न्हवतं, त्याचं न्हाय काय वाटत," त्या म्हणाल्या. "पर एवढ्या वर्षानं लगीन कराय निघालीस आणि मला सांगितलं न्हाईस."

प्रसेनजीतनं संधी साधली. "सगळे आलेलेच हायसा. साक्षीदार बी झाले. गुरुजी, पुढचं घ्या."

"थांब," यल्लाप्पा उठले. "माझं गाव अकरा वर्षं रुसलंय. असं चोरून आता होणार न्हाय. गाव बोलवायचं."

"कबनूर बी," पारूबाई म्हणाल्या.

"आणि राजारामपुरी," वर्षाराणी म्हणाली.

तारीख? पेरणी, पाव्हणेरावळे, हॉल असं सगळं निघत निघत एकमतानं ठरलं, की पुढच्या उन्हाळ्यात.

हार काढले गेले. मोडायला आलेल्या माणसांनी लग्न इतक्या आनंदानं मोडलेलं गुरुजींनी कधी पाहिलं नव्हतं. निघताना मीरासाबचाचांनी प्रसेनजीतला हळूच बाजूला घेतलं.

"भावा, राग मानू नकोस. पर खोली मी नवराबायकोला दिलीया."

"मग आमी कुठं जायचं?"

"तू ऱ्हा की वर. निशा आमच्यात ऱ्हाईल तवर," नजीराभाभींनी परस्पर निकाल दिला.

संध्याकाळी केक खाली भाभींच्या घरात कापला गेला. आज वाढदिवस कशाचा, हे कुणीच विचारलं नाही. पारूबाई मुक्कामालाच राहिल्या होत्या. साडी कुठून घ्यायची यावर तिघी बायकांचं जोरजोरात चाललं होतं, आणि मधे बसून निशा हसत होती. वर प्रसेनजीत बिनमिशीच्या तोंडानं एकटाच बसला होता. ती अशी कधी हसली होती, हे त्याला आठवेना. जिना उतरून खाली जायची आता त्याला चोरी होती. शेवटी न राहवून त्यानं गॅलरीतून हाक मारली. निशा अंगणात आली.

"निशा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "उद्या दोघंच गपचिप जाऊन लगीन करूया का?"

निशानं एकदा मागं दाराकडं पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तसलं काय बोलू नको बाबा," ती म्हणाली. "आमच्या घरात असलं चालत न्हाय."