‘यंदा तरी भांडू नका’ या ओळीवरील मोहीम

दरभंग्याहून रामखेलावन ठाकुरांचे पत्र आले आणि दीड महिना जबाब गेला नाही, तो प्रसंग पुढिलांस कळावा म्हणोन साद्यंत लिहिला ऐसा.

पाटणा शहरी, क्लासांच्या मुलखात, राजमान्य हरिनंदन झा मास्तर बँकेच्या परीक्षेचे तर्कशास्त्र शिकवीत. विधानाच्या पोटी दडलेले गृहीतक हुडकून काढणे ही त्यांची जहागीर. फळ्यापुढे शेर, माणसापुढे भिडस्त. ठाकूर हा एकच दोस्त. त्यांचा मजकूर दोन ओळींचा : ‘छठला घाटावर या. यंदा तरी भांडू नका.’

मग मास्तरांनी लाल पेन उपसले आणि गृहीतक काढिले की, दरसाल भांडण हरिनंदनच करतो. आणि अब्रूवर घाला पडला ऐसे समजोन नऊ मसुदे केले आणि नऊही फाडिले. गतवर्षी छठपूजेच्या प्रसादाचा ठेकुआ गुळाचाच हवा यावरून ऐन अर्घ्याचे समयी मास्तरांनी रण माजविले होते, हे त्यांस स्मरत नव्हते ऐसे नाही.

छठ दहा दिवसांवर आली. दोस्ती बुडो लागली. मग लाचार होऊन नावे गाळिली आणि तीच ओळ वर्गावर प्रश्न म्हणोन सोडिली. दीडशे पोरांची फौज गडबडली. तेव्हां दोन वेळा अर्ध्या गुणाने पडलेली सुनैना महतो उभी ठाकली.

“सर, पहिलं गृहीतक, तो माणूस भांडकुदळ आहे.”

“आणि दुसरं?” मास्तर घायाळ आवाजात वदले.

“तो येणारच आहे. न येणाऱ्याला कोण कशाला सांगेल, भांडू नको म्हणून?”

“पण... बिचाऱ्याचा अपमान झाला, त्याचं काय?”

“अपमान कुठल्या शब्दात आहे सर? बाहेरचं आत घुसवायचं नाही म्हणून रोज आमचं डोकं तुम्हीच खाता ना?” मग ती थबकली. “सर, तो बिचारा म्हणजे तुम्हीच की काय?”

वर्गात हशाच्या तोफा सुटल्या. मास्तर कानापर्यंत लाल जाहले आणि खडू तैसाच हाती धरून टपालकचेरीवर कूच करिते जाहले आणि उभ्याउभ्या कार्ड लिहिते जाहले :

‘येतो. दोन्ही गृहीतके बरोबर.’

दोन प्रहरी कार्ड पेटीत पडले. मोहीम फत्ते जाहली.