दहा मिनिटांची गोळी

एका गल्लीत एक घड्याळजी राहत होता. त्याला एक बायको, चार पोरं आणि पन्नास-साठ घड्याळं. पोरं सगळी त्याची, घड्याळं सगळी लोकांची. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधे एक पडदा. पडद्यामागची ती बायको म्हणजे मी.

चौथ्या बाळंतपणात मी जाता जाता राहिले. रक्त काही थांबेना. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना व्हरांड्यात गाठून स्पष्ट सांगितलं, "आता पाचवं नको. पाचव्याला ही घरी परत येईल असं मी लिहून देणार नाही." तेव्हापासून सहा महिने हे माझ्याकडे तडा गेलेल्या काचेच्या बरणीकडे बघावं तसे लांबून बघत होते. सातव्या महिन्यात नुसतं बघणं त्यांना जमेना. (खरं सांगते, मलाही.)

मग मी दवाखान्यातल्या नर्सताईंकडे गेले. रोज खायच्या गोळ्या मला चालत नव्हत्या, रक्तदाब चढलेला. "ऑपरेशन हाच पक्का उपाय," ताई म्हणाल्या. पण ऑपरेशनचं नाव काढलं की ह्यांना घाम फुटायचा. तोही माझ्या ऑपरेशनच्या नावानं! शेवटी ताईंनी एक डबी हातावर ठेवली.

"ही फेसाची गोळी. तोंडात नाही टाकायची, आत ठेवायची. हात धुऊन, आडवं होऊन, बोटानं जाईल तेवढी खोल. मग दहा मिनिटं थांबायचं. ती विरघळून फेस झाला की पुरुषाचं बीज तिथंच निकामी होतं. तासाच्या वर गेलं तर नवी गोळी. दरवेळी नवी. नंतर सहा तास आत पाणी घालून धुवायचं नाही. जळजळ झाली, खाज सुटली, तर बंद करून माझ्याकडे यायचं. आणि ही गोळी कुठला रोग अडवत नाही, एकटी फार भरवशाचीही नाही. म्हणून हे कंडोमचं पाकीट. दोन्ही मिळून वापरा."

मला अक्षर येत नाही, पण कानावर पडलेलं कधी सांडत नाही. सगळं जसंच्या तसं ह्यांना म्हणून दाखवलं. बाकीचं त्यांनी मान खाली घालून ऐकलं. 'दहा मिनिटं' म्हटल्यावर मात्र छाती पुढे आली.

"वेळेचं माझ्यावर सोड! गावाला वेळ कोण दाखवतं?"

आमचा मुहूर्त दुपारचा. मोठी तिघं शाळेत, धाकटं झोपलेलं, दुकानाचं शटर अर्धं खाली. मी दुरुस्त झालेल्या घड्याळांच्या फळीवरून एक गजराचं घड्याळ उचललं. निळं, गोल, गोजिरवाणं. ते मागच्या खोलीत कोनाड्यात ठेवलं. लागेल तेव्हा चावी द्यायची, मोठा काटा दोन आकडे पुढे गेला की दहा मिनिटं झाली. काटे मला वाचता यायचे.

आणि काय सांगू, दहा मिनिटं कशी भुर्रकन जायची! पहिल्या दिवशी तर ह्यांची चप्पल काढून होते न होते तोच काटा पोचला.

"झाली सुद्धा?" मी म्हटलं.

"सुखाचा वेळ असाच जातो गं," हे म्हणाले. (लग्नाला बारा वर्षं झाली होती. असलं वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. मी विरघळले, गोळीच्या आधी.)

महिनाभर असं सुखात गेलं. मग एके सकाळी दुकानात एक पेन्शनर मास्तर आले.

"माझं निळं घड्याळ झालं का हो? ते अर्ध्या तासात तास भरवणारं?"

"झालेलंच असणार," हे म्हणाले, आणि आतून ते आणून स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाशी धरलं.

मी पडद्याआड पोळपाट पुसत होते. पाच मिनिटं दोघंही दोन घड्याळांचे काटे ताडून बघत होते. मग मास्तर म्हणाले, "अजून तसंच पळतंय की. बघा, पाच मिनिटांत दहा मिनिटं पुढे गेलं."

पडदा बाजूला झाला. ह्यांचं तोंड पांढरंफटक.

"अगं, हे कुठल्या फळीवरून घेतलंस?"

"दुरुस्त झालेल्या."

"ह्याच्या आतली कमान गुंतलीय, म्हणून ते पळतंय! हे दुरुस्त व्हायच्या फळीवर होतं!"

तेव्हा मला आठवलं. निळं घड्याळ उचललं त्याच दिवशी सकाळी मी फळ्या पुसल्या होत्या. घड्याळं खाली काढली, धूळ झटकली, परत लावली. फळ्यांवर ह्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या म्हणे. मला त्या चिठ्ठ्या म्हणजे नुसता डकवलेला कागद. डावीकडची उजवीकडे गेली, उजवीकडची डावीकडे. आणि मागच्या खोलीत येताना ह्यांचा चष्मा नेहमी दुकानात.

म्हणजे दहाची पाच झाली होती. सहा तासांचे तीन. आणि माझी पाळी आठ दिवस पुढे गेली होती, ते मी अजून कुणाला बोलले नव्हते.

बोलले. हे धपकन पाटावर बसले. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या..." एवढंच म्हणाले आणि माझा हात धरला तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही. गल्ली बघत होती. बघू दे.

नर्सताईंनी आधी ऐकून घेतलं, मग आवाज चढवला. "किती वेळ थांबलात?"

"त्या घड्याळानं दहा," हे म्हणाले, "खऱ्या वेळेनं पाच. म्हणजे कमान मोकळी असती तर—"

"कमान राहू द्या! ते पाकीट वापरलं का?"

हे खाली बघायला लागले. "जपून ठेवलंय. कपाटात."

"कशाला? कपाटाला पोरं होऊ नयेत म्हणून?" ताईंनी मग माझ्याकडे मोर्चा वळवला. "आणि बाई, चूक झाली असं वाटलं की लगेच यायचं असतं. चार-पाच दिवसांच्या आत आलं तर गर्भ राहू न देणारी वेगळी गोळी मिळते. दिवस मोजत घरात बसायचं नसतं."

तपासणी झाली. पट्टीवर उत्तर यायला पाच मिनिटं लागणार होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर करून हे म्हणाले, "ताई, हे दोन मिनिटं मागे आहे."

"अहो, गप्प बसा!" मी आणि ताई एकदम ओरडलो.

ती पाच मिनिटं माझ्या चारही बाळंतपणांपेक्षा लांब होती. मी धाकट्याचं नाव मनात घेत बसले. मग ताई पट्टी उजेडाला धरून म्हणाल्या, "नाही. काही नाही. काळजीनंही पाळी लांबते. आठवडाभरात आली नाही तर परत या."

मी रडले. हे माझ्यापेक्षा मोठ्यानं. मग नाक पुसून म्हणाले, "ताई, त्या ऑपरेशनच्या यादीत माझं नाव लिहा."

"तुमचं?"

"माझंच. घाम येईल, पण येईन."

पाळी तिसऱ्या दिवशी आली. तिला बघून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. ह्यांचं ऑपरेशनही झालं. तासाभरात चालत घरी आले आणि चार दिवस असे झोपून राहिले, जणू चारही बाळंतपणं त्यांचीच झाली होती. ताईंनी बजावलं होतं, लगेच मोकळे सुटायचं नाही, तीन महिने दोन्ही वस्तू वापरा, मग तपासणी. ह्या खेपेला पाकीट कपाटातून निघालं आणि वेळ ह्यांच्या मनगटावरच्या घड्याळानं धरली, चष्मा लावून.

तीन महिन्यांनी तपासणीचा कागद आला. सगळं साफ. हे धावतच घरी आले. दुपार होती. शटर पूर्ण खाली ओढलं, अंघोळ केली, भांग पाडला, धुवट शर्ट घातला आणि पडदा बाजूला केला.

बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या जिवाला कसलाही घोर नव्हता. ना मोजणं, ना थांबणं, ना भीती. ती बातमी ऐकली, हे अंघोळीला गेले तेवढ्यात मी जमिनीवर अंग टाकलं आणि अशी गाढ झोपले की घोरण्यानं भांडी वाजत होती.

ह्यांनी म्हणे दोनदा हाक मारली. मग माझ्या अंगावर चादर घातली, शर्ट बदलला आणि शटर वर केलं.

दारात मास्तर उभे होते. म्हणाले, "वा! आज दुपारचं दुकान फारच लवकर उघडलंत!"