दाजींचा रिकामा फ्लॅश

जामसंड्याचे दाजी प्रत्येक लग्नात फ्लॅश भिंतीवर फुकट उडवत. फोटो काढून झाला की दिवा लोकांपासून वळवायचा, मागचं बटण दाबायचं, भिंत लख्ख उजळायची. मगच कॅमेऱ्यात खोचलेली वायर काढायची. नव्या पाहुण्यांना हे ठाऊक नसे. दाजी वळले की एखादी मावशी पदर सावरून घाईने भिंतीशी जाऊन उभी राही आणि महिन्याभराने फोटो मागायला येई.

"तो भित्तीचो फोटो," दाजी सांगत. "होयो तर भित्तीक विचारा."

ही साठ सालानंतरची गोष्ट. कॅमेरा जर्मन, एका खलाशाकडून घेतलेला. फ्लॅश मुंबईच्या एका कारागिराने जुळवलेला. "न्हवरो जर्मन, न्हवरी मुंबयची. पत्रिका कोणीच बघूक नाय," असं ते म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी फ्लॅशचा स्विच बंद केला, वायर उपटली आणि तिच्या टोकाला बोट लागलं. हात खांद्यापर्यंत बधिर झाला. बंद फ्लॅशमध्येही वीज साठून राहते, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यानंतर नियम ठरले. हात कोरडे. जोडताना फ्लॅश बंद. काढण्याआधी रिकामा. आणि तो भरलेला असताना दाजींना कोणी शिवायचं नाही. मी वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे, त्यासाठी त्यांनी काढलेले फोटो लागत. मीसुद्धा चार हात लांब उभा राही.

बायको गेल्यावर मुलगी नलू त्यांनी एकट्याने वाढवली. तिच्या लग्नात दुसरा फोटोग्राफर आणायला त्यांनी साफ नकार दिला. "माझ्या चेडवाचो फोटो परको कित्याक काढतलो?"

पाठवणीला तिन्हीसांज झाली. दाजी अंगणात कॅमेरा डोळ्याला लावून उभे होते. फ्लॅश भरत असल्याची बारीक शीळ ऐकू येत होती. नलूने तुळशीला पाणी घातलं, वळली आणि ओल्या हातांनीच वडिलांच्या गळ्यात पडायला धावली. त्याच क्षणी दाजींना दिसलं, खाऱ्या हवेने चिरलेल्या वायरवरची चिकटपट्टी सुटली आहे. आतलं तांबं उघडं पडलं आहे.

"हात लाव नको माका!"

वाजंत्री थांबली. नलू दोन पावलांवर थिजली, हात तसेच पुढे.

"जळला मेल्याचा तोंड!" एक म्हातारी कडाडली. "जातल्या चेडवाक असा बोलतत?"

दाजींनी फ्लॅश माडाकडे वळवून बटण दाबलं. माड शेंड्यापर्यंत उजळला आणि विझला. त्यांनी पंच्याने हात पुसले, पुन्हा पुसले, वायर काढली. वऱ्हाडाच्या बसने निघण्याचा हॉर्न दिला.

"व्याह्यानु, गाडी रवाची नाय हां!" वराचे काका ओरडले.

"रवतली," दाजी म्हणाले. कॅमेरा आणि फ्लॅश त्यांनी माझ्या हातात कोंबले. "आता ये गो."

नलू त्यांच्या खांद्यावर कोसळली. "बाबा, माका वाटला, तुमका राग इलो."

"राग? तुझो?" दाजी म्हणाले.

पाठवणीचा फोटो काढायचा राहूनच गेला. बस वळणाआड गेली तरी दाजी रस्त्याकडेच पाहत होते. मग हळूच त्यांनी मला विचारलं, "मोठ्यान वराडलंय काय रे मी?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांची आरोळी ऐकून धावत आलेली शेजारच्या वाडीतली माणसं अजून अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे उभी होती.