ठमीचं डोहाळजेवण

आमचे शेजारी पांढरीपांडे काका बोटानं ठोकल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाहीत. उभा जन्म कारखान्यात माल तपासण्यात गेला. माणूस रिटायर झाला, बोट नाही झालं. टरबूज असो, कुकर असो, टकटक करायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "पास!" नाहीतर "फेल!" माझा नवाकोरा डिनर सेट त्यांनी सासूबाईंसमोर फेल केला होता, बोला आता!

ठमी मात्र कायम पास. ही मांजर मुळात सुमतीकाकूंची. काकू कोरोनात गेल्या, तेव्हापासून घरात ही दोघंच.

एक दिवस काका गेटवरूनच ओरडले, "बेटा, ठमीचं पोट वाढून राहिलं! ठोकून पाहिलं मी. पिल्लं आहेत, एकदम पास!" आणि चक्क मांजरीचं डोहाळजेवण ठरवलं हो! नदीवरच्या ग्वारीघाटावरून फुलं आणली, ठमीला हिरव्या खणावर बसवलं, नेपियर टाउन या आमच्या हिंदी वस्तीतल्या आम्ही साऱ्या मराठी बायका जमलो. हसून हसून पुरेवाट झाली.

"हसा, हसा," काका म्हणाले. "सुमतीची हौस राहूनच गेली होती."

त्यांना मूलबाळ नव्हतं. माझं हसू तिथंच थांबलं.

ठमीनं माशाला तोंड लावलं नाही. "डोहाळे आहेत," काका म्हणाले. मी तिला उचललं, तर अंग तापलेलं, पोट टम्म आणि पाठीची हाडं हाताला लागत होती. "काका, काहून थांबता? चला डॉक्टरकडे," म्हणून दोघांना ऑटोत घातलं.

सोनोग्राफीत पिल्लू नव्हतंच, नुसतं पाणी होतं. सुईनं काढलं तर पिवळं, चिकट. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टर मॅडमनी हिंदीत समजावलं. एकाच टेस्टवरून याचं पक्कं कळत नाही. ताप, पाणी, रक्त, सगळं जुळवून पाहावं लागतं. हा मांजरांचा कोरोना. पुष्कळ मांजरांत असतो, थोडं पोट बिघडवतो, बस. एखादीच्याच अंगात तो बदलतो आणि असा उलटतो. आता औषध आहे, पण उशीर झाला आहे.

कोरोना म्हटल्यावर काका भिंतीला टेकले. काकूंच्या वेळी त्यांना वॉर्डाच्या दारातही उभं राहू दिलं नव्हतं. साऱ्या जगाला ठोकून पाहणाऱ्या माणसाला बायकोला शेवटचा हातसुद्धा लावता आला नाही.

"मॅडम, ये हमको लगता है क्या?"

"नहीं अंकल, इंसानों को नहीं होता."

"मतलब... हाथ लगा सकते हैं?"

"हां, हां, क्यों नहीं?" मॅडम गोंधळून म्हणाल्या. मला मेलं रडू आवरेना.

औषध लगेच सुरू केलं, पण ठमी काही सावरली नाही. एका दुपारी मी काकांसाठी खिचडी घेऊन गेले. काका झोपाळ्यावर बसले होते. मांडीवर ठमी, अंगावर तोच हिरवा खण. ती गेली होती. काकांचा हात तिच्या पाठीवरून फिरतच होता.

"हिला एकटीला नाही जाऊ दिलं, बेटा," ते म्हणाले. "सकाळपासून हात काढलाच नाही."