उंबऱ्यावर दोन हात, अर्थात तीन शून्यांची हकीकत

श्रीसमुद्र समर्थ. प्रथम त्यासच नमन, जरी तो नमन केल्याने थांबत नाही आणि न केल्यानेही थांबत नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा लिहिणाराचे लेखणीस धार चढली तर वाचणारांनी दोष ठेवू नये. राज्याचे नाव लिहीत नाही. किनारा होता, महाराज होते, आणि शहाणे गरजेहून अधिक होते, इतके पुरे.

त्या राज्यात ऋतू फिरले, पाऊस आपली वेळ विसरला, समुद्र वर्षावर्षाने वर चढू लागला, आणि किनाऱ्यास तांडेलवाडी म्हणोन कोळ्यांची चाळीस घरांची वस्ती, तिचे अंगणात खारे पाणी खेळू लागले. हे वर्तमान हुजूर पोहोचले आणि महाराज चिंतातुर होऊन बोलिले की, "दर्या जाणतो त्यास आभाळ ठाऊक नाही, आभाळ जाणतो त्यास माणूस ठाऊक नाही. तिन्ही विद्या एका डोक्यात असतील ऐसे शिष्य तयार करा आणि वाडी वाचवा." आज्ञा उत्तम. येथवर कोणाची चूक नाही. मग त्रिविद्या मठ स्थापन जाहला, आणि त्यावर तीन आचार्य नेमिले: दर्याशास्त्री धुंडिराजपंत, मेघशास्त्री कृष्णंभट आणि लोकशास्त्री उमाबाईसाहेब. तिघांस तीन दालने दिली, तीन दरवाजे दिले, तीन पाण्याचे माठ दिले, आणि तिघांनी एक व्हावे म्हणोन दर मंगळवारी संगमसभा ठरविली. सभेत भिंतीवर उजेड पाडणारे यंत्र लावीत, आणि त्यात तीन रंगांची तीन वर्तुळे एकमेकांत शिरलेली दाखवीत, आणि मग चहा आणि खारी येत असे. दोन वर्षे ती वर्तुळे पाहिली. मी सभेचा चिटणीस, मजला उठण्याची मुभा नव्हती.

शिष्यांत सुगंधा तांडेल म्हणोन त्याच वाडीची मुलगी होती. तिची आई धाकूबाई सुकी मासळी विकून घर चालवी आणि म्हणे, "पोरगी तीन गुरूंखाली शिकते, आता दर्या काय करतो ते बघू." सुगंधा तिन्ही दालनांत राबली, तिन्ही माठांचे पाणी प्याली, आणि पदवीस तिघांचे तीन शिक्के लागत, ते मागावयास आपला प्रबंध घेऊन जाई. पंत म्हणत, हे लोकांचे काम, बाईसाहेबांकडे जा. बाईसाहेब म्हणत, यात आकडे फार, भटजींकडे जा. भटजी म्हणत, यात ओल फार, पंतांकडे जा. ऐसे चालले.

चैत्रात महाराजांनी पुसले की, श्रावण अमावास्येचे उधाणास वादळ मिळाले तर वाडीत पाणी किती चढेल, तितकी भिंत बांधू. पंतांनी मोजून सांगितले, दहा हात. भटजींनी मोजून सांगितले, सहा हात. बाईसाहेबांनी वाडीतील वृद्धांस विचारून सांगितले, दोन हात. सभेत गलबला जाहला. तेव्हा सुगंधा उभी राहोन बोलिली की, "तिन्ही आकडे खरे आहेत आणि तिन्ही एकच आहेत. पंत ओहोटीचे तळापासून मोजतात, भटजी समुद्राचे मध्यम पातळीपासून मोजतात, आमची म्हातारी माणसे घराचे उंबऱ्यापासून मोजतात. पाणी एक आहे, शून्ये तीन आहेत." मला वाटले, सुटलो. परंतु पंत हसले आणि म्हणाले, "मुली, एकाचे शून्य खरे मानले तर दोघांचा अवमान होतो. संगम म्हणजे काय ते तुला अजून उमगले नाही." आणि तिघांनी एकदिलाने तीन आकड्यांची बेरीज केली आणि तिहींनी भागिली आणि सहा हात ऐसा निकाल दिला, आणि दोन वर्षांत प्रथमच एकमत जाहले म्हणोन पेढे वाटिले. कोठून मोजावे हे गवंडियाने पुसले, तेव्हा त्या मासी अध्यक्षपणाची पाळी पंतांची होती, सबब ओहोटीचे तळापासून ऐसे ठरले. आणि मी पापी चिटणीस, वळणदार अक्षरांत लिहिले की, "शिष्येने शंका काढिली. समाधान करण्यात आले."

मग वैशाखात ओहोटीचे रेषेवर सहा हात भिंत उभी जाहली. आचार्य ओहोटीचे वेळी आले, भिंत पाहिली, नारळ फोडिला, आणि परतले. नंतर रोजची भरती सात हातांची आली आणि भिंत एक हात पाण्याखाली गेली. रोज जात असे. धाकूबाई पाटी डोईवर घेऊन थेट सभेत आली आणि मजलाच धरून बोलिली, "अवो चिटनीस, तुमची भित रोज भरतीन बुडते, मासली तिच्यावरशी पोवतान, आनि ती आमाला राखील काय?" मी तिचे गाऱ्हाणे कागदावर उतरून सभेपुढे ठेविले. सभेने भिंतीचे वर्तनाचा अभ्यास करावयास उपसमिती नेमिली आणि चहा मागविला. डोके आपटावे तर भिंतही पाण्याखाली.

सुगंधाने मग सभेचा नाद सोडिला. चुन्याची बादली घेऊन चाळीस घरे फिरली, आणि प्रत्येक दाराचे चौकटीवर उंबऱ्यापासून दोन हातांशी पांढरी रेघ ओढिली, आणि सांगितले की रेघेखाली काही ठेवू नका, अमावास्येस वादळ दिसले तर डोंगरीचे देवळात चला. अमावास्येस वादळ आले. दोन प्रहरी भरती चढली, भिंतीस न शिवता वरून गेली, आणि वाडीत शिरून चुन्याचे रेघेवर येऊन थांबली. माणूस एक गेले नाही, लेकरू एक भिजले नाही. परंतु घरे सात पडली, आणि त्यात धाकूबाईचे एक. त्या बाईने चिखलातून फक्त सागवानी उंबरठा ओढून काढिला आणि त्यावरच बसून राहिली. ते मी डोळ्यांनी पाहिले आणि मला माझे अक्षराची लाज वाटली.

दुसरे दिवशी आचार्य पाहणीस आले. ओहोटी होती. भिंत कोरडी, उंच, शाबूत. पंत म्हणाले, "ओरखडाही नाही!" आणि योजना सफल ऐसा ठराव जाहला.

पुढे मंगळवारी सुगंधाची परीक्षा ठेविली. भटजी म्हणाले, "तुझे भाकीत खरे ठरले हे मान्य, परंतु ते कोणते विद्येत खरे ठरले?" ती उठून बाहेर गेली, आणि मायलेकींनी दोहों बाजूंनी धरून तो उंबरठा आणिला, आणि चहाचे पेले सारून मेजावर ठेविला. चिखल खारीवर सांडला. धाकूबाई बोलिली, "इथशी मोजा. आता घर नाय, पन उंबरा हाय." मग पंत मजकडे वळून हळूच म्हणाले, "चिटणीस, शंका काढिली, समाधान करण्यात आले, ऐसे लिहा." मी लेखणी बुडविली आणि लिहिले, "पाणी उंबऱ्यावर दोन हात चढले. मुलीने चैत्रातच सांगितले होते. आम्ही ऐकिले नाही." आणि खाली तिघांचे आधी माझी सही केली.

तात्पर्य इतकेच. विद्या तीन, शून्ये तीन, पाणी एक, घरे सात. शिक्के अद्याप उमटले नाहीत. उंबरठा मेजावरच आहे, कारण तो कोणते दालनाचा याचा निर्णय होत नाही, आणि दर मंगळवारी आचार्य त्याचे अलीकडे पलीकडे बसून चहा घेतात. लिहिणार त्या सभेत आता नाही. वाडीत चुना कालवतो. भाद्रपदाचे उधाण जवळ आले आहे.