उलटा टांगलेला तक्ता

ठकूमावशीच्या खोलीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत बाईच्या पोटाचा एक रंगीत तक्ता होता, आणि तोही उलटा टांगलेला. मी दोनदा सरळ केला. दुसऱ्या दिवशी पाहावं तर पुन्हा उलटा.

सातपूरच्या आमच्या कामगारवस्तीत पोट चोळायला मावशीच लागायची. बाळंतीण असो, पाळीचं दुखणं असो. हात मऊ, तोंड नव्हे. कारखान्याचा डॉक्टर तिच्या लेखी ‘सुईवाला’ आणि नर्स ‘बगळी’. मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली, तेव्हा आईनं पेढे वाटले. मावशीनं पेढा तोंडात टाकून विचारलं, बाईच्या पोटात कुठं काय असतं ते सांगता येतं का? मी चाचरले.

“पंधरा वर्सं नुसतं बाकडं झिजवलं,” ती म्हणाली.

तेव्हापासून मी तिची मास्तरीण. नाही म्हणायची सोय नव्हती. माझ्या वेळी आईचं पोट तिनंच चोळलेलं. मला पुढं नोकरी मिळाली त्या शाळेतला हा जुना तक्ता मुख्याध्यापिकाबाईंनी आनंदानं देऊन टाकला. मावशीला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. “कागदाचं पोट दुखतं का?” हे तिचं पालुपद. म्हणून शिकवणी परातीत चाले, ज्वारीच्या पिठाचे आकार करून. गर्भाशय लहान पेरूएवढं असतं म्हटल्यावर ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली.

“पेरूत अख्खं पोर? तुझ्या मास्तरनं बाई पाहिली होती का कधी?”

धडा संपला की गर्भाशय, मूत्राशय, दोन्ही नळ्या एकत्र मळून ती भाकरी थापायची. मलाही खावी लागे. पदवीचा असा उपयोग मला कुणी शिकवला नव्हता.

एकदा वैतागून मी म्हणाले, पहिलीतली पोरंसुद्धा तक्ता सरळ धरतात. तिनं हातातलं पीठ झटकलं.

“मी बाईच्या उशाशी बसून चोळते. मला तिथनं असंच दिसतं. तुझा मास्तर पायाशी बसत असंल.”

मी पुन्हा तक्त्याला हात लावला नाही. पण तिच्या बुद्धीबद्दलची माझी शंका गेली नव्हती. कारण दर धड्याला ती एकच प्रश्न विचारायची. दिवस गेलेत आणि खाली एकाच बाजूला कळ येते, तर? मी सांगायची, गर्भ कधीकधी नळीतच अडकतो. नळी फुटली की आत रक्तस्राव होतो. तिथं चोळायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. “परत सांग. नीट सांगता येत नाय तुला,” ती म्हणायची. मी विसाव्यांदा सांगायची आणि मनात म्हणायची, हिच्या डोक्यात काही शिरत नाही.

मग एका दुपारी शेजारची सिंधू उजवी बाजू दाबून धरत आली. दोन महिने पाळी चुकलेली. जमिनीवर आडवी होऊन म्हणाली, मावशी, जरा चोळा. मावशीनं दोन्ही हात काखेत घातले. सिंधूला, तिच्या नवऱ्याला, सासूला शिव्या घालत गल्लीतून जाणारा टेम्पो थांबवला आणि तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेली. ऑपरेशन झालं. सिंधू वाचली.

दुसऱ्या दिवशी मी जरा मिरवतच गेले. म्हणाले, मावशी, कागद आला ना कामाला?

ती पीठ मळत होती. मान वर केली नाही.

“माझ्या शेवंतीचं उजवीकडंच दुखत होतं. मी दोन घटका चोळलं.”

शेवंती तिची लेक. तापानं गेली असं वस्तीत सगळे सांगत.

“चोळलं नसतं तर जगली असती का, ते तुझ्या कागदात हाय?”

मी नाही म्हटलं. आता ती माझ्या पदवीवरून टोमणा मारणार म्हणून मी वाट पाहत राहिले. भाकरी भाजून झाली, तिनं मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली.

“परत सांग,” ती म्हणाली.

मी सुरुवातीपासून सांगितलं.